टर्मिनलवरची ऑर्डर नोंदणी ब्राउझरमध्ये नेताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : जुना_कोड

नमस्कार.

आमच्याकडे घाऊक वितरणाचा व्यवसाय आहे. ऑर्डर नोंदणी, गोदामातील साठा, बिले आणि येणी-देणी हे सगळे एकाच जुन्या प्रणालीवर चालते. प्रणाली इन्फॉर्मिक्स ४जीएल या डेटाबेसच्या कामासाठीच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली असून युनिक्स सर्व्हरवर आहे. वापरकर्ते आपापल्या पीसीवर टर्मिनल एम्युलेटर (जुन्या टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उघडतात, व्हीटी२२० या जुन्या टर्मिनलच्या रूपात जोडले जातात आणि ८० अक्षरे रुंद व २४ ओळी उंच अशा काळ्या स्क्रीनवर दिवसभर काम करतात. प्रणाली बंद पडत नाही आणि हिशेबही चुकवत नाही. तक्रारी आहेत त्या निराळ्या : नव्या कर्मचाऱ्यांना ती अंगवळणी पडायला फार वेळ लागतो, बाहेर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधींना साठा पाहता येत नाही, आणि टेलनेट या जुन्या पद्धतीच्या जोडणीवरून पासवर्ड उघड्या मजकुरात जातात, म्हणून लेखापरीक्षकांनी लेखी आक्षेप घेतला आहे. व्यवस्थापनाने या सगळ्यावर ‘सर्व काही ब्राउझरमध्ये आणा’ असा एका ओळीचा निर्णय दिला आहे.

आमच्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे एक्सटर्म.जेएस (ब्राउझरमध्ये टर्मिनल दाखवणारी लायब्ररी) आणि वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) वापरून टर्मिनलच ब्राउझरमध्ये दाखवणे. दुसरा म्हणजे मधे एक प्रोग्रॅम बसवून त्याने जुनी स्क्रीन वाचायची आणि तिचे वेबपान करून दाखवायचे. तिसरा अर्थातच नव्याने लिहिण्याचा.

खरी अडचण ऑर्डर नोंदवणाऱ्या ऑपरेटरांची आहे. त्यांचे डोळे हातातल्या कागदावर असतात, स्क्रीनकडे ते क्वचितच पाहतात. एंटरने पुढचे फील्ड, एस्केपने ऑर्डर जतन, एफ१ने मधे नवी ओळ, एफ२ने ओळ रद्द, एफ३ आणि एफ४ने पुढचे-मागचे पान, कंट्रोल-डब्ल्यूने मदत, हे त्यांच्या बोटांत पक्के बसले आहे. एका सहकाऱ्याने नमुन्यादाखल वेबपान करून त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा अर्धी ऑर्डर भरून झाल्यावर एका ऑपरेटरने सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबले आणि ब्राउझरने तो टॅबच बंद केला. त्या दिवसापासून त्या विभागात या प्रकल्पाचे नाव काढणेही अवघड झाले आहे.

याशिवाय, बहुतेक नियम ‘आफ्टर फील्ड’च्या ब्लॉकमध्ये विखुरलेले आहेत. ग्राहक क्रमांक भरून कर्सर बाहेर पडला की उधारीची मर्यादा तपासली जाते, वस्तू क्रमांकानंतर दर आणि शिल्लक येते, आणि काही वस्तूंच्या बाबतीत कर्सर थेट तिसऱ्याच फील्डवर उडी मारतो. हे सगळे वेबवर कसे न्यावे आणि कोणत्या क्रमाने न्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

प्रतिसाद : मधला_थर

आपल्या प्रश्नात तीन वेगळी कामे एकत्र बांधली गेली आहेत, ती आधी सोडवून घ्यावीत असे मला वाटते. लेखापरीक्षकांच्या आक्षेपाचा ब्राउझरशी काहीही संबंध नाही. टेलनेट बंद करून एसएसएच (कूटबद्ध जोडणी) सुरू केले की पासवर्ड उघडे जाणे थांबते, आणि आजचे जवळजवळ प्रत्येक एम्युलेटर एसएसएच बोलते. हे काम मोठ्या प्रकल्पाची वाट पाहत ठेवू नये. विक्री प्रतिनिधींना साठा दाखवणे हे केवळ वाचनाचे काम आहे. डेटाबेसवर थेट, फक्त वाचनाच्या हक्काने चालणारी दोन-तीन वेबपाने त्यासाठी पुरेशी आहेत आणि जुन्या प्रोग्रॅमला हातही लावावा लागत नाही. एवढे झाले की व्यवस्थापनाचा दबाव बराच कमी होतो आणि जे खरोखर कठीण आहे, म्हणजे ऑर्डर नोंदणी, त्याकडे शांतपणे पाहता येते.

ती कठीण का आहे, हे तिच्या रचनेत पाहावे लागते. व्हीटी कुळातील टर्मिनल प्रत्येक कळ लगेच सर्व्हरकडे पाठवते, त्यामुळे कर्सर कुठे आहे हे प्रोग्रॅमला प्रत्येक क्षणी ठाऊक असते आणि प्रत्येक फील्डनंतर तो डेटाबेसला विचारून येऊ शकतो. ब्राउझरमधील साधा फॉर्म याच्या नेमका उलट असतो, कारण सगळी फील्डे भरून एकदाच पाठवायची हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून ४जीएलची स्क्रीन जशीच्या तशी वेबवर उतरवायची म्हटले, तर एक तर प्रत्येक फील्डनंतर सर्व्हरची फेरी मारावी लागते आणि ऑपरेटर तिष्ठत बसतो, नाही तर सगळ्या तपासण्या शेवटी ढकलाव्या लागतात आणि वीस ओळींची ऑर्डर भरून झाल्यावर कळते की ग्राहकाची उधारी पहिल्याच ओळीला संपली होती.

यातून मार्ग काढायचा तर ‘आफ्टर फील्ड’मधला प्रत्येक नियम बाहेर काढून त्याची जात ठरवावी लागते. रकाना रिकामा नसावा किंवा संख्या शून्याहून मोठी असावी असे नियम ब्राउझरमध्येच तपासता येतात. सर्व्हरवर ते पुन्हा तपासावेत हे सांगायला नकोच. वस्तूचे नाव व दर आणणे यासारख्या गोष्टींसाठी कर्सरला थांबवण्याचे कारण नसते : ऑपरेटर नगसंख्या भरत असताना उत्तर मागाहून येऊ द्यावे आणि वस्तू क्रमांक चुकलेला निघाला तर ती ओळ लाल करावी. तिसरी जात मात्र कटकटीची. उत्तरावरून पुढचे फील्डच बदलते तेव्हा, म्हणजे आपण लिहिलेल्या त्या उडीच्या बाबतीत, ते उत्तर आधीपासूनच हाताशी असावे लागते. कोणत्या वस्तूला उडी लागते याची खूण वस्तू मास्टरमध्ये (वस्तूंच्या मूळ तक्त्यात) असेल, तर पान उघडतानाच तेवढी यादी ब्राउझरमध्ये आणून ठेवता येते. ती खूण मास्टरमध्ये नसून प्रोग्रॅममध्ये ‘इफ’ लिहून वस्तू क्रमांक घातलेले असतील (आणि अशा प्रणालीत ते हमखास असतात), तर आधी ती मास्टरमध्ये न्यावी. हे काम जुन्या प्रणालीतच करता येते, वापरकर्त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि पुढे वेबचा विचार सोडून द्यावा लागला तरी ते वाया जात नाही.

माझे सांगणे एवढेच आहे की स्क्रीन हलवण्याआधी नियम हलवावेत. ४जीएलमध्येच त्यांची स्वतंत्र फंक्शने करावीत, जुन्या स्क्रीनने ती वापरावीत, आणि ती त्याच रोजच्या कामात काही काळ तावून-सुलाखून निघाल्यावर मग त्यांना वेबचे दार बसवावे.

आपल्या यादीत एक चौथा मार्गही असायला हवा होता. फोर जेज या कंपनीचे जेनेरो हे साधन इन्फॉर्मिक्स ४जीएलचा स्रोत फारसे बदल न करता स्वीकारते आणि त्याच प्रोग्रॅमच्या स्क्रीन ब्राउझरमध्ये दाखवते. परवान्याचा खर्च आणि एकाच विक्रेत्यावरचे अवलंबित्व यांचा विचार करावाच लागेल, पण हजारो ओळींचा चालता कोड जवळ असताना हा पर्याय न तपासता पुनर्लेखनाकडे वळणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद : रात्रपाळी_बॅच

मी मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांच्या, बाजूने लिहितो. आमच्याकडे आयबीएम ३२७० जातीच्या स्क्रीन आहेत आणि तिथे गणित वेगळे आहे. १९७१मध्ये आलेले ते टर्मिनल फील्डांची मांडणी एकदाच घेते, माणूस ती भरत असताना सर्व्हरला काही कळत नाही, आणि एंटर किंवा एखादी पीएफ (फंक्शन) कळ दाबल्यावर फक्त बदललेली फील्डे परत जातात. वेबचा फॉर्म यापेक्षा फारसा निराळा नाही. त्यामुळे सीआयसीएस या मेनफ्रेमवरील प्रणालीत चालणारे व्यवहार वेबवर नेणे तुलनेने सोपे गेले. कुणी मेनफ्रेमवाल्याने ‘त्यात काय आहे, आम्ही केले की’ असे सांगितले, तर ते व्हीटीच्या प्रणालीला लागू करू नये.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच छळते आणि ती आधीच तपासून घ्यावी, ती म्हणजे टर्मिनलची ओळख. आमच्या काही कोबॉल प्रोग्रॅममध्ये तात्पुरत्या रांगेच्या नावात चार अक्षरी टर्मिनल आयडी वापरला होता, कारण एक माणूस म्हणजे एक टर्मिनल हे गृहीतच होते. वेब सर्व्हर मधे आला की मोजक्याच जोडण्या सगळ्यांत फिरत राहतात, आणि एकाने अर्धवट भरलेली माहिती दुसऱ्याच्या पानावर उगवते. युनिक्सवर हाच प्रकार टीटीवायच्या, म्हणजे टर्मिनलच्या जोडणीच्या, नावाने केलेल्या तात्पुरत्या फायलींत असतो. वेब सर्व्हरने चालवलेल्या प्रोसेसला टीटीवायच नसतो, ‘टीटीवाय’ कमांड ‘नॉट अ टीटीवाय’ एवढेच सांगते, आणि मग सगळ्या वापरकर्त्यांच्या फायलींना एकच नाव मिळते. एकट्याने चाचणी घेताना हे कधीच दिसत नाही. दोघांनी एकाच वेळी काम केले की दिसते. आपल्या कोडमध्ये ‘टीटीवाय’ हा शब्द आजच शोधून पाहावा.

प्रतिसाद : स्तंभ_ऐंशी

स्क्रीन वाचून वेबपान करण्याच्या मार्गाला सगळेच नाके मुरडतात, परंतु त्याला त्याची जागा आहे. जुन्या प्रोग्रॅमचा स्रोत हरवलेला असेल, किंवा प्रणाली लवकरच बंद व्हायची असून तोवर दोन-चार स्क्रीन बाहेरच्यांना दाखवायच्या असतील, तर हा मार्ग स्वस्त पडतो आणि लवकर होतो.

त्याचा धोका तो कोसळण्यात नाही, तो न कोसळण्यात आहे. मधला प्रोग्रॅम ‘सातव्या ओळीतील ४१व्या स्तंभापासून दहा अक्षरे’ अशा पत्त्यावर शिल्लक वाचतो. कुणी तरी जुन्या स्क्रीनवर वस्तूचे नाव दोन अक्षरांनी रुंद केले की रकाना सरकतो, आणि वेबपान कुरकुर न करता शेवटचे दोन अंक कापलेली रक्कम दाखवू लागते. म्हणून हा मार्ग घ्यायचाच असेल, तर मधल्या प्रोग्रॅमने स्क्रीनचे शीर्षक आणि रकान्यांची लेबले ठरलेल्या जागी आहेत की नाहीत हे प्रत्येक वेळी पडताळावे, आणि ती नसल्यास काहीही न दाखवता थांबावे. तसेच, हा मार्ग वाचनापुरता ठेवावा. लिहिण्याच्या कामात मधेच जोडणी तुटली, तर ऑर्डर जतन झाली की नाही हे मधल्या प्रोग्रॅमला खात्रीने सांगता येत नाही.

आपल्याकडे स्रोत आहे आणि तो कळणारी माणसेही आहेत. त्यामुळे आपल्या बाबतीत मी ‘मधला_थर’ यांच्याशी सहमत आहे.

जुना_कोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘टीटीवाय’ शोधले आणि बिलांच्या मॉड्यूलमध्ये नेमके तेच सापडले.

दोन शंका उरतात. ऑपरेटरांचा वेग घटणार नाही हे व्यवस्थापनाला कशाच्या आधारे सांगावे? आणि आज एखादी ऑर्डर कुणी दुरुस्तीसाठी उघडली की ‘फॉर अपडेट’च्या कर्सरमुळे (हा डेटाबेसमधला, स्क्रीनवरचा नव्हे) ती नोंद लॉक होते व दुसऱ्याला ‘नोंद वापरात आहे’ असा संदेश मिळतो. वेबवर हे कसे सांभाळतात?

प्रतिसाद : कळफलक

वेग घटणार नाही असे आज सांगूच नये, कारण ते मोजल्याशिवाय कुणालाच ठाऊक नसते. या विषयातले एक गाजलेले उदाहरण आहे. अमेरिकेतील नायनेक्स या टेलिफोन कंपनीने आपल्या ऑपरेटरांसाठी नवी, दिसायला अधिक चांगली आणि पडद्यावर मजकूर अधिक जलद उमटवणारी कार्यस्थानके घ्यायचे योजले होते. त्यांचा अभ्यास ‘प्रोजेक्ट अर्नेस्टीन’ या नावाने १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ वाचेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नव्या यंत्रावर प्रत्येक कॉलला सरासरी सुमारे ४ टक्के जास्त वेळ लागला. ज्या कळा ग्राहक बोलत असताना, म्हणजे एरवीही मोकळ्या असलेल्या वेळात दाबल्या जात, त्यांतल्या काही वाचवल्या गेल्या, पण जिथे प्रत्येक क्षण मोजला जातो अशा कॉलच्या शेवटाकडे एक कळ वाढली. एकूण कळांची बेरीज पाहून हे समजले नसते. कोणती कळ कुठे पडते, ते पाहावे लागले.

म्हणून आपल्या ऑपरेटरांपैकी दोघा-तिघांशेजारी बसून, कागदावरच्या खऱ्या ऑर्डरी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही स्क्रीनवर भरून घ्याव्यात व वेळ लिहून ठेवावी. ते करताना विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे, जी बहुतेक वेब प्रोग्रॅमरांच्या ध्यानात येत नाही. टर्मिनलवर सर्व्हर क्षणभर अडकला तरी ऑपरेटर टंकत राहतो. त्या कळा युनिक्सच्या इनपुट रांगेत साठतात आणि प्रोग्रॅम मोकळा झाला की क्रमाने, योग्य त्या फील्डमध्ये जाऊन बसतात. पक्का ऑपरेटर स्क्रीन बदलण्याआधीच पुढच्या ग्राहकाचा क्रमांक टंकून मोकळा झालेला असतो. ब्राउझरमध्ये पान बदलत असताना दाबलेल्या कळा हरवतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे, भलत्याच रकान्यात जातात. ऑर्डर जतन झाल्यावर नवे पान उघडण्याची रचना त्यामुळे टाळावी. तेच पान रिकामे करावे, कर्सर तत्काळ पहिल्या रकान्यात न्यावा, आणि जतन करण्याचे काम मागे चालू ठेवावे. ते फसले तर ती ऑर्डर बाजूच्या यादीत ठळक दिसावी.

कळांबद्दल थोडे. एफ१, एफ३, एफ५ या ब्राउझर स्वतःसाठी वापरत असला तरी पानाला त्या बहुधा अडवता येतात. कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-टी आणि कंट्रोल-एन मात्र क्रोमच्या साध्या टॅबमध्ये पानापर्यंत पोहोचतच नाहीत, तेव्हा मदतीची कळ बदलावीच लागेल. ती आताच, जुन्या प्रणालीत बदलून टाकावी. ४जीएलच्या ‘ऑप्शन्स’ विधानात ‘हेल्प की’ देण्याची सोय आहे. म्हणजे हाताला वळण आधीच लागेल. एंटरचा प्रश्न याहून मोठा आहे, कारण वेब फॉर्ममध्ये एंटर म्हणजे ‘पाठवा’. तो अडवून टॅबसारखा पुढे सरकवावा, आणि अंकांच्या बाजूच्या कळफलकावरील एंटरलाही तोच नियम लावावा, कारण नगसंख्या भरणारा उजवा हात तिथेच असतो. ब्राउझरच्या जुन्या नोंदींच्या सूचना बंद ठेवाव्यात. तो उघडणारा डबा खालची ओळ झाकतो आणि बाणाची कळ स्वतःकडे ओढून घेतो.

माऊसशिवाय पूर्ण ऑर्डर नोंदवता येत नसेल, तर ती स्क्रीन तयार झालेली नाही असे समजावे.

मधला_थर

लॉकबद्दल. टर्मिनलवर प्रत्येक वापरकर्त्यामागे एक जिवंत प्रोसेस असते, म्हणून लॉक धरून ठेवणे शक्य होते, आणि कुणी तरी नोंद उघडी टाकून जेवायला गेला की इतरांचे काम अडते हा त्याचा दुष्परिणामही आपण जाणताच. वेबवर माणूस पान सोडून गेला तरी सर्व्हरला ते खात्रीने कळत नाही, त्यामुळे तसे लॉक धरू नये. प्रत्येक ऑर्डरच्या नोंदीत आवृत्ती क्रमांकाचा एक स्तंभ वाढवावा, पान उघडताना तो सोबत पाठवावा, आणि जतन करताना ‘आवृत्ती अजून तीच असेल तरच बदल कर’ अशी अट घालावी. एकही नोंद बदलली नाही, तर मधल्या काळात दुसऱ्याने बदल केला आहे असा अर्थ होतो. अशा वेळी नुसता ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा संदेश संतापजनक ठरतो. दुसऱ्याने कोणती ओळ बदलली ते दाखवावे आणि याने भरलेले पुसून टाकू नये.

जुन्या आणि नव्या स्क्रीन काही काळ शेजारी शेजारी चालतील, तेव्हा तो आवृत्ती क्रमांक जुन्या ४जीएल प्रोग्रॅमनेही वाढवला पाहिजे. हे विसरले गेले, तर जुन्या स्क्रीनवरचा बदल नव्या स्क्रीनवरून नकळत पुसला जाईल. शक्य असल्यास ते काम डेटाबेसमधील ट्रिगरकडे (नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडकडे) सोपवावे, म्हणजे कोणत्याही प्रोग्रॅमच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागणार नाही.

ओघाने आणखी एक. ४जीएलमधील डेसिमल हा प्रकार दशमान पद्धतीने अचूक हिशेब करतो. जावास्क्रिप्टमधील साध्या संख्या तशा नाहीत, तिथे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. बिलाची बेरीज सर्व्हरवरच करावी आणि ब्राउझरकडे रक्कम मजकूर म्हणून पाठवावी.

प्रतिसाद : नऊ_पिनी

छपाईचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. व्हीटी२२०ला मागे प्रिंटर जोडता येत असे, आणि प्रोग्रॅम ‘एस्केप, चौकटी कंस, ५आय’ हा क्रम पाठवून पुढचा मजकूर स्क्रीनऐवजी प्रिंटरकडे वळवत असे. ‘४आय’ने तो पुन्हा स्क्रीनकडे येई. आजची एम्युलेटरेही ते पाळतात आणि मजकूर पीसीच्या प्रिंटरवर सोडतात. आपल्या गोदामातील पावत्या जर याच वाटेने छापल्या जात असतील, तर ब्राउझरमध्ये ती वाटच नाही. पान प्रिंटरशी थेट बोलू शकत नाही, ते फक्त छपाईची खिडकी उघडू शकते.

कार्बनच्या छापील पावत्यांवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने छपाई होत असल्यास पीडीएफच्या मागे लागू नये. ड्रायव्हर तिचे चित्र करून पाठवतो, छपाई रेंगाळते आणि इंचाला सहा ओळी, इंचाला दहा अक्षरे हा जुन्या पावतीचा मेळ हमखास बिघडतो. जुना मजकूर जसाच्या तसा सर्व्हरवरूनच त्या प्रिंटरच्या रांगेत सोडावा. आजवर कोणता प्रिंटर हे टर्मिनलवरूनच ठरत होते. आता वापरकर्ता, त्याची बसण्याची जागा आणि प्रिंटर यांची जोडणी सांगणारा तक्ता आपल्याला डेटाबेसमध्ये करावा लागेल, आणि एखादा प्रिंटर बंद असताना शेजारच्या प्रिंटरवर छपाई वळवण्याची मुभा गोदामातल्याच कुणाला तरी द्यावी लागेल.